वन्संचा पहारेकरी

माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, ऑफिसात सगळे 'कुलूपताई' म्हणतात हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. कोण म्हणतं, कुठे उभं राहून म्हणतं, आठवड्यातून किती वेळा म्हणतं, सगळं त्यांना ठाऊक होतं.

"पाठीमागेच म्हणतात, पण मला ऐकू येईल एवढ्या अंतरावरून म्हणतात," त्या म्हणाल्या. "यात काय हेतू असेल, सांग."

मी काय हेतू सांगणार? मी आपली त्यांचा डबा भरत होते.

वन्सं आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. स्थळं आली होती, पण प्रत्येक स्थळात त्यांना काहीतरी झाकून ठेवल्यासारखं वाटलं. एक मुलगा फार कमी बोलला, दुसरा फार मोकळेपणाने बोलला, दोघंही बाद. मी या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरातले डबे दाखवले आणि सांगितलं की झाकणावरची लाल खूण खिडकीकडे राहिली पाहिजे. मला वाटलं, टापटिपीची आवड असेल. दोन महिन्यांनी उमगलं की खूण खिडकीकडे नसली तर डबा कुणीतरी उघडलाय, हे त्यांना दारातूनच दिसतं. तेव्हापासून मी साखर काढली की खूण जागेवर आणते. सत्तावीस वर्षं झाली, हात आपोआप वळतो.

त्यांच्या स्वभावाला कारण होतं. मला ते ह्यांनी सांगितलं. नोकरीला लागून दीड वर्ष झालं असताना ऑफिसातल्या एका रजिस्टरचं पान फाटलेलं सापडलं. रजिस्टर वन्संच्या टेबलावरचं. त्यांनी फाडलं नव्हतं. पण तीन आठवडे त्यांना साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, काम दिलं नाही, जाता-येता लोक बघायचे. मग एके दिवशी ते पान दुसऱ्याच रजिस्टरात सापडलं, कुणीतरी खूण म्हणून घातलेलं. माफी कुणी मागितली नाही. "जा, बसा जागेवर," एवढंच. वन्सं जागेवर जाऊन बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून पहिलं कुलूप घेऊन आल्या.

ऑफिस म्हणजे पाणी तपासणीची प्रयोगशाळा. विहिरींचं, टाक्यांचं, नळांचं पाणी बाटल्यांमधून येतं, आतल्या खोलीत तपासलं जातं, आणि आकडे वन्संकडे येतात. क्षार किती, जडपणा किती, क्लोरीन किती. वन्सं ते कॉम्प्युटरवर भरतात आणि अहवाल छापून निघतो. हा अहवालाचा प्रोग्रॅम तिथल्याच एका थोरल्या केमिस्टने फार वर्षांपूर्वी सी भाषेत लिहून ठेवला होता. ते निवृत्त झाले. प्रोग्रॅम चालत राहिला, आणि तो आतून कसा चालतो हे कुणाला विचारायची वेळच आली नाही.

मग वरून पत्र आलं, की एक तारखेपासून अहवालात गढूळपणाचाही रकाना पाहिजे. साहेब म्हणाले, बाहेरच्या कंपनीचा माणूस बोलावू, तो करून देईल.

वन्संची झोप उडाली. "बाहेरचा माणूस आमच्या नोंदी उघडणार? मग उद्या कुठलं पाणी पिण्याजोगं आणि कुठलं नाही, ते तोच ठरवणार." साहेबांना त्यांनी सांगून टाकलं, हा रकाना मी घालते. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "तुम्हाला येतं?" वन्सं म्हणाल्या, "येईल."

अशा रीतीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आमच्या वन्सं सी शिकायला लागल्या. ऑफिस सुटल्यावर तासभर एका क्लासला जायच्या, तिथल्या बाकीच्या मुलामुलींचं वय मिळून यांच्याएवढं. रविवारी घरी आमच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर होताच. तो नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून त्यावर कापड घातलेलं होतं. वन्संनी कापड काढलं आणि आधी मागच्या सगळ्या वायरी तपासल्या.

सुरुवातीला मला वाटायचं, हे यंत्र आणि आमच्या वन्सं एकाच कुंडलीचे. दोघांचाही कुणावर विश्वास नाही. तुम्ही लिहिलेलं प्रत्येक अक्षर कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या ओळींचा चालता प्रोग्रॅम करून देणारा, तपासतो, आणि एक अर्धविराम राहिला तरी पुढे जाऊ देत नाही. पण वन्संना तो पटला नाही. एकदा मला हाक मारून स्क्रीन दाखवली.

"बघ. अर्धविराम राहिलाय सातव्या ओळीत. आणि हा चूक दाखवतोय आठव्या ओळीत."

"मग?"

"मग काय? आठवीने काय केलंय बिचारीने? चूक एकीची, नाव शेजारणीचं. याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

क्लासच्या सरांनी म्हणे समजावलं होतं, की सातवी ओळ संपली नाही हे कंपायलरला आठवी वाचायला घेतल्यावर कळतं, म्हणून तो तिथे थांबतो. आणि सर असंही म्हणाले होते की चुकीची ओळ आली की ती पूर्ण वाचत जा, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. वन्संनी हे वहीत लिहून घेतलं होतं. लिहिलेलं मी नंतर पाहिलं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

तरी त्या शिकल्या. मान्य करायला हवं. पहिल्या दिवशी एका चुकीपायी बावीस चुका आल्या तेव्हा घाबरल्या, तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "पहिली दुरुस्त केली की बाकीच्या पळतात. ती सगळी तिचीच पिल्लं असतात." देवासमोर उभी राहिले की मी त्यांच्यासाठी एक वाक्य बोलायचे, माझं नेहमीचं झाल्यावर. काय मागायचं ते मला नीट कळत नव्हतं, म्हणून नुसतं म्हणायचे, वन्संचं ते चालू दे.

प्रोग्रॅमला हात घालायला लागल्यावर त्यांनी सर्वांत आधी काय केलं असेल? गढूळपणाचा रकाना नाही. त्यांनी प्रोग्रॅमच्या तोंडाशी कुलूप घातलं. प्रोग्रॅम सुरू झाला की आधी 'परवलीचा शब्द?' असं विचारतो, आणि शब्द बरोबर असेल तरच आत घेतो. ते जमलं त्या दिवशी त्यांनी घरी येताना बिस्किटांचा पुडा आणला. कुलूप घातलेल्या त्या प्रोग्रॅमला नावही दिलं, पहारेकरी. सकाळी ऑफिसात कॉम्प्युटर लावला की पहारेकरी सुरू करायचा आणि दिवसभर तो स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर बसवून ठेवायचा, बंद करायचा नाही. का बंद करायचा नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "पहारेकऱ्याला कुणी मध्येच रजा देतं का?"

त्या कॉम्प्युटरवर दुपारी दोन ते चार आणखी एक बाई बसायची. तिला सगळे चिठ्ठीवाली म्हणत, कारण बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणं आणि लावणं हे तिचं काम. तिशीची, सहा महिन्यांच्या नेमणुकीवर घेतलेली. वन्संच्याच खोलीत भिंतीपाशी तिचं टेबल. वन्संनी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, खालच्या पट्टीवर तो काळा चौकोन आहे ना, त्याला हात लावायचा नाही. ती म्हणाली होती, "बरं, ताई."

"नुसतं बरं म्हणाली," वन्सं मला सांगत होत्या. "का, कशाला, काही विचारलं नाही. माणूस विचारत नाही म्हणजे त्याला आधीच माहीत असतं."

आणि मग ते प्रकार सुरू झाले.

वन्सं रकान्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक छोटा बदल करायच्या, कंपाइल करायच्या, चालवून बघायच्या, तर बदल नाही. जुनाच अहवाल. लिहिलेलं तर समोर दिसतंय, आणि चालतंय मात्र कालचं. पुन्हा करायचं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याबरोबर केलं की तेवढा बदल व्हायचा. हुश्श करून पहारेकरी सुरू करायचा, पुढचा बदल करायचा, की पुन्हा जुनं.

"कुणीतरी माझं नवीन काढून जुनं परत ठेवतंय," वन्सं म्हणाल्या.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "ताई, त्याला काय मिळणार त्यातून?"

"एक तारीख टळेल. मग बाहेरचा माणूस येईल. त्या माणसाचं कुणाशी साटंलोटं आहे, ते बघायला हवं."

हे पुन्हा वर्तमानपत्राआड गेले.

त्या आठवड्यात वन्सं एका वहीत वेळा टिपू लागल्या. दहा वीस, झालं नाही. अकरा पाच, झालं नाही. चार दहा, झालं नाही. खुर्चीचे पाय जिथे टेकतात तिथे फरशीवर खडूने खुणा केल्या. जेवायला उठताना की-बोर्डवर एक पांढरा दोरा आडवा टाकून जायच्या. दोरा हलला नाही, खुर्ची हलली नाही, आणि प्रोग्रॅम मात्र जुना. यावरून एखाद्याला वाटलं असतं की कुणी येत नसावं. वन्संना वाटलं की जो येतो तो फार सराईत आहे.

मग एके दिवशी त्यांना स्क्रीनच्या तळाशी एक ओळ दिसली. आधीही येत असणार, पण त्यांचं लक्ष रकान्याकडे. लांबलचक इंग्रजी ओळ, आणि शेवटचे दोन शब्द, परमिशन डिनाइड. परवानगी नाकारली.

त्या दिवशी घरी आल्या त्या चपलाही न काढता खुर्चीवर बसल्या. "परवानगी नाकारली, म्हणे. कुणी नाकारली? ऑफिसात परवानगी देणारे साहेब एकटे. त्यांनी तर काम करा म्हणून सांगितलंय. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर माझे अधिकार कुणीतरी काढून घेतलेत. हे आपोआप होत नाही."

"सरांना विचारा ना, क्लासच्या."

"सरांनीच त्या चिठ्ठीवालीच्या भावाला शिकवलंय. मी चौकशी केली."

खरं सांगते, तोवर माझ्याही मनात संशयाची पाल चुकचुकायला लागली होती. मी एकदा वन्संचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते तेव्हा ती चिठ्ठीवाली मला दिसली होती. उठून उभी राहिली, पाणी विचारलं, हसली. तेव्हा मला ती चांगली वाटली होती. आता आठवून वाटायला लागलं, जरा जास्तच हसली का? एवढं हसण्यासारखं काय होतं? माणसाचं मन किती पटकन त्या वाटेला लागतं याची मला लाज वाटते, पण लागलं होतं.

शनिवारी दुपारी वन्संनी साहेबांच्या नावे पत्र लिहिलं. माझ्या कामात मुद्दाम अडथळा आणला जात आहे, कॉम्प्युटर माझ्याशिवाय फक्त एकच व्यक्ती वापरते, सोबत वेळांची नोंद जोडली आहे. पत्र साहेबांच्या दाराजवळच्या तक्रारपेटीत टाकलं. ही पेटी वन्संच्याच आग्रहाने लावलेली होती. पूर्वी पत्रं उघड्या ट्रेमध्ये पडायची. वन्संनी चार वेळा अर्ज करून कुलपाची पेटी मिळवली आणि किल्ली एकच, तीही साहेबांच्या खिशात, असा नियम करून घेतला. साहेब सोमवारी आले की पहिलं काम पेटी उघडायची.

घरी येऊन त्यांनी ते शांतपणे सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "सोमवारीच तिच्या नेमणुकीचा कागद साहेबांसमोर आहे. पुढचे सहा महिने द्यायचे की नाही."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "वन्सं, मग तिचं काम जाईल."

"केलं असेल तर जाऊ दे."

"आणि केलं नसेल तर?"

वन्सं उठून डब्यांच्या खुणा बघायला गेल्या.

रविवारी सकाळी वन्सं पेन ड्राइव्हवर घालून आणलेला प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर उघडून बसल्या. इथे कुणी चिठ्ठीवाली नाही, इथे शांतपणे रकाना घालून सोमवारी पुराव्यासकट दाखवायचा, असा बेत. पहिला बदल केला, कंपाइल केलं, झालं. चेहरा उजळला. "बघितलंस? घरी होतंय. ऑफिसातच होत नाही." सवयीने पहारेकरी सुरू केला, खालच्या पट्टीवर बसवला. गढूळपणाचा रकाना लिहिला. आणि आंघोळीला उठल्या.

उठताना मला म्हणाल्या, "तू इथे बस. कुणाला हात लावू देऊ नकोस."

घरात कोण होतं? हे, आणि ते सुद्धा कॉटवर झोपलेले, घोरण्याचा आवाज येत होता. पण मी बसले. वाळलेल्या कपड्यांचा ढीग मांडीवर घेतला आणि घड्या घालत राहिले. स्क्रीनकडे बघितलं सुद्धा नाही, उगाच कशाला. कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीकडे बघत मनातल्या मनात म्हटलं, त्या पोरीने केलं नसेल तर तूच बघ बाबा.

वन्सं केस पुसत आल्या, खुर्चीत बसल्या, बटण दाबलं. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. त्यांचा हात थांबला.

"परमिशन डिनाइड," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खुर्ची फिरवली.

"तू इथेच होतीस?"

"इथेच."

"उठली नव्हतीस? पाणी प्यायला वगैरे?"

"नाही."

"तो उठला होता?"

"ऐका ना, घोरताहेत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मी ओळखते. डब्याची खूण भिंतीकडे फिरली असली की तशी बघतात.

"वन्सं," मी म्हटलं, "सत्तावीस वर्षं झाली मला या घरात. विचारायचं ते सरळ विचारा."

"तू हात लावलास?"

"नाही."

त्या तशाच बघत होत्या. कॉटवर ह्यांनी कूस बदलली. मी घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"बरं," शेवटी वन्सं म्हणाल्या. "तू म्हणतेस नाही, तर नाही. म्हणजे इथे कुणीच हात लावला नाही." आणि मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे तिथेही कुणी लावला असेलच असं नाही."

त्यांनी चष्मा लावला. आणि ती ओळ वाचायला घेतली, शेवटच्या दोन शब्दांपासून नाही, पहिल्यापासून. बोट ठेवून, एकेक शब्द. या अमुक नावाची फाइल लिहिण्यासाठी उघडता येत नाही. परवानगी नाकारली. फाइलच्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

"हा तर माझा पहारेकरी."

"म्हणजे?"

"कंपायलर जुना प्रोग्रॅम काढून त्याच जागी नवीन लिहितो. आणि जुना तर इथे खाली सुरू आहे. मीच बसवून ठेवलाय."

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर कॉट होती. सकाळपासून मला ती चादर धुवायला टाकायची होती आणि हे उठत नव्हते. मी म्हटलं, "माणूस वर झोपलेला असताना खालची चादर कशी बदलणार?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं, कॉटकडे बघितलं. मग खालच्या पट्टीवरचा काळा चौकोन उघडला, परवलीचा शब्द टाइप केला, आत गेल्या आणि बाहेर पडायचा आकडा दाबला. पहारेकरी गेला. पुन्हा कंपाइल केलं. एकही ओळ आली नाही. प्रोग्रॅम चालवला. क्षार, जडपणा, क्लोरीन, आणि त्यांच्या शेजारी, पहिल्यांदाच, गढूळपणा.

महिनाभर ज्याच्यासाठी जीव आटवला ते समोर होतं. वन्सं हसल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून बसल्या.

"सकाळी पहिल्यांदा का व्हायचं, ते कळलं," त्या म्हणाल्या. "पहारेकरी सुरू व्हायच्या आधी व्हायचं." थोड्या वेळाने, "पेटीची किल्ली साहेबांच्या खिशात आहे."

"फोन करा साहेबांना."

"रविवारी ते फोन बंद ठेवतात. मीच एकदा म्हटलं होतं, सुटीच्या दिवशी कोण कशासाठी फोन करेल, भरवसा नाही."

सोमवारी वन्सं मला बरोबर घेऊन निघाल्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "तू साक्षीदार आहेस." साडेआठला आम्ही प्रयोगशाळेच्या दारात. तरी उशीर झाला. साहेब नेमके त्या दिवशी आठलाच आलेले. पेटी उघडी होती, रिकामी. आणि साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर चिठ्ठीवाली बसलेली, पर्स मांडीवर धरून, पाय जवळ घेऊन.

वन्सं जागच्या जागी थांबल्या. तो बाक बदललेला नव्हता. मला वाटलं आता या मागे फिरतात की काय. पण त्या पुढे गेल्या आणि तिला म्हणाल्या, "ऊठ. इथे बसायचं नाही. माझ्याबरोबर आत चल."

ती उठली. वन्संकडे बघितलं नाही.

साहेबांच्या टेबलावर दोन कागद होते. एक वन्संचं पत्र. दुसरा नेमणुकीचा असणार.

"बाई, मी हे वाचलं," साहेब म्हणाले. "फार गंभीर आहे."

"ते खोटं आहे," वन्सं म्हणाल्या. "म्हणजे मी खरं समजून लिहिलं, पण खोटं आहे. हिने हात लावला नव्हता. माझंच कुलूप मला आड आलं होतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"घरी झालं तेच. ही माझी भावजय, हिच्यासमोर झालं."

मी मान हलवली. एवढ्यासाठी मला आणलं होतं.

साहेबांनी पेन टेबलावर आपटत विचारलं, "घरी झालं, ठीक. पण इथे हिने हात लावला नव्हता हे कशावरून? शनिवारी तुमची खात्री होती, आज उलटी खात्री आहे."

वन्सं अशा बोलल्या की मला क्लासमधल्या त्या मुलांच्या जागी बसून ऐकावंसं वाटलं. "साहेब, चूक येत होती हाच पुरावा. खालचा चौकोन सुरू राहिला म्हणून ती यायची. ही रोज दोन तास तिथे बसते. हिने एकदा जरी तो बंद केला असता, तर त्या दिवशी चार वाजता माझं काम झालं असतं. माझ्या वहीत बघा. एकाही दिवशी चारनंतर झालेलं नाही. मी सांगितलं हात लावू नकोस, हिने लावला नाही. एवढंच त्या वहीत लिहिलंय, मला ते वाचता आलं नाही."

साहेबांनी वही उलटून पाहिली. पान, पुन्हा पान.

"पण बंद करायला परवलीचा शब्द लागतो ना," ते म्हणाले. "तो हिला कुठे माहीत आहे?"

तेव्हा चिठ्ठीवाली पहिल्यांदा बोलली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

वन्संची मान हळूहळू तिच्याकडे वळली.

"पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "तुम्ही टाइप करताना ओठ हलवता, ताई. एकेक अक्षर. माझं टेबल भिंतीपाशी आहे, पण तोंड तुमच्याकडे आहे. तेव्हापासून तुम्ही चार वेळा शब्द बदललात. चारही सांगू?"

"नको," वन्सं म्हणाल्या.

साहेबांनी खोकल्यासारखं केलं. तो खोकला नव्हता.

वन्संनी पत्र ओढून घेतलं, त्याच्याच खाली लिहिलं की वरील तक्रार चुकीची होती, दोष माझा होता, आणि सही केली, तारीख घातली. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "माझं चुकलं. मला त्या बाकावर बसवलं होतं तेव्हा मला कुणी असं म्हटलं नव्हतं. म्हणून सांगते, माझं चुकलं."

ती म्हणाली, "बरं, ताई." पूर्वीसारखंच. पण या वेळी ते बरं मला ऐकायला कठीण गेलं. आणि साहेबांकडे वळून तिने सांगितलं की नेमणूक वाढवणार असाल तर माझं टेबल आतल्या खोलीत टाका, बाटल्यांजवळ. साहेबांनी वन्संकडे बघितलं. वन्सं म्हणाल्या, "तिला जिथे हवं तिथे टाका."

मी घरी निघाले तेव्हा वन्सं मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाल्या, "चार वेळा बदलला होता."

"हो ना."

"चारही वेळा."

एक तारखेला गढूळपणाचा रकाना असलेला अहवाल गेला. पहारेकरी अजून आहे. वन्सं आता कंपाइल करण्याआधी त्याला रजा देतात, आणि टाइप करताना ओठ इतके घट्ट मिटतात की हे म्हणतात, ताईची दाढ दुखतेय का बघ. माझ्या डब्यांच्या खुणा खिडकीकडेच आहेत. एकदा मी मुद्दाम एक भिंतीकडे फिरवून ठेवली. वन्सं दारात थांबल्या, बघितलं, आणि काही न विचारता आत येऊन बसल्या. मी रात्री देवाला सांगितलं.

चिठ्ठीवालीचं टेबल तीन महिने आत होतं. मग बाटल्यांची खोली ओल धरायला लागली आणि सगळ्यांनाच बाहेर यावं लागलं. आता ती पुन्हा भिंतीपाशी बसते. वन्सं कॉम्प्युटरपाशी गेल्या की ती न सांगता आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करते. सावकाश, फरशीवर पाय खरखरवत, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशी.

"फिरव, फिरव," वन्सं म्हणतात. "पण पुरती फिरव."